सत्तय्यामामांची दोनशे तेरावी चिठ्ठी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सत्तय्यामामांचं नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मामांनी माझी फी भरली असेल किंवा नोकरी लावून दिली असेल. तसं काही नाही. मामा माझ्या समोरच्या खोलीत राहतात आणि त्यांनी मला आजवर दिले ते फक्त दोष. दोनशे चौदा दोष, चिठ्ठ्यांवर, पेन्सिलीनं लिहून.

मामा कुठल्याही वस्तूकडे बघत नाहीत. डोळे मिटतात आणि तिच्यावरून तळहात फिरवतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, डोळे मिटायचे आणि हात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायचा. तुटलेला धागा, राहिलेली गाठ, सैल वीण, सगळं हाताला लागतं. ‘डोळा भुलतो मास्तर, हात भुलत न्हाय.’ मी मास्तर नाही, कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. पण ज्याच्या खिशाला पेन तो मामांच्या लेखी मास्तर.

कारखाना सुटून सहा वर्षं झाली, पण हाताची सवय सुटली नाही. लग्नाची पत्रिका आली की आधी हात, मग मजकूर. भाकरी ताटात पडली की आधी हात. मी केस कापून आलो की माझं डोकं. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि चहा घेऊन आलेल्या यजमानीणबाईंच्या पदराचं टोक बोटांत धरून म्हणाले, ‘आडवा धागा सुटलाय.’ ते स्थळ तिथंच सुटलं.

कारखान्यात मालाच्या तीन जाती असत. निर्दोष तो फ्रेश, किरकोळ डागाचा तो सेकंड आणि उरलेली चिंधी. मामांनी सगळ्या जगाची वाटणी या तिघांत केली आहे. कोपऱ्यावरचा चहा सेकंड. महापालिकेचं पाणी चिंधी. आमची घरमालकीण फ्रेश, पण तिचा नवरा सेकंड. आणि कुठल्याही गोष्टीची तारीफ करायचीच झाली तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, ‘माल बरा हाय, पण...’ त्या ‘पण’नंतर समोरचा माणूस सहसा थांबत नाही.

अशा माणसाला मी आमच्या ‘दौत’पुढे बसवलं.

दौत म्हणजे संगणकावर मराठी लिहायचं एक साधन. फुकट आहे. त्याची आतली सगळी रचना उघडी ठेवलेली आहे. कुणीही बघावी, कुणीही सुधारावी. ते बनवणारे आम्ही पंधरा-वीस जण वेगवेगळ्या गावचे, पगार कुणालाच नाही. मला फारसं रचता येत नाही. मी लोकांच्या तक्रारी गोळा करतो आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जाणारं आभाराचं पान लिहितो. हे काम माझ्याकडे आलं त्यालाही कारण आहे. माझे वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते, घरात शिकलेला मी पहिला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला ना गाता येई ना नाचता, म्हणून गुरुजी आभारप्रदर्शन माझ्याकडे देत. ‘पाहुणे राहिले तर चालेल, मंडपवाला राहता कामा नये,’ असं ते बजावून सांगत.

मी कॉलेजात जाताना माझा जुना संगणक मामांसाठी चालू ठेवून जाई. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘ह्याला अंगच न्हाय.’ पण मग त्यांना मार्ग सापडला. चादर जशी वीतवीत सरकवायची तशी ते दौत सरकवू लागले. एक कळ, मग पुढची. एक ओळ, मग पुढची. संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर चिठ्ठी. कारखान्यातल्यासारखीच, वर क्रमांक, खाली डाग कुठं आणि केवढा: ‘ओळ चौथी. उजव्या कडेपासून दोन बोटं. रेघ लुकलुकायची बंद पडते.’

मी त्या चिठ्ठ्या आमच्या नोंदवहीत चढवत असे. ही वही संगणकावरच आहे आणि सगळ्यांना दिसते. बार्शीच्या सुजातानं एकदा विचारलं, ‘दादा, बोट कुणाचं धरायचं?’ सुजाता तिथल्या कॉलेजात शिकते आणि लिहिलेलं जपून ठेवायचा सगळा भाग तिनं रचलेला आहे. मी मामांचं बोट पट्टीनं मोजून तिला कळवलं. तेव्हापासून आमच्याकडं मामांचं बोट हे अधिकृत माप झालं.

चूक माझ्या हातून झाली ती गेल्या महिन्यात. मामांना बरं वाटावं म्हणून मी त्यांना ती नोंदवही दाखवली. त्यांचे सगळे डाग एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं एकेक नाव.

‘हे नाव कुणाचं?’

‘तो भाग ज्यानं रचला त्याचं. आपोआप येतं.’

मामांनी डोळे मिटले नाहीत, हात फिरवला नाही. ओळ न् ओळ वाचली. ‘सुजाता, सुजाता, सुजाता. एकोणीस हायत की रे.’

‘तिचा भागच अवघड आहे, मामा.’

‘हं,’ म्हणाले, चप्पल घातली आणि गेले. मला वाटलं, अभिमानानं ऊर भरून आला असेल.

त्यानंतर त्यांच्या चिठ्ठ्या आटल्या. आठवड्याभरात दोनच आल्या आणि दुसरीत नुसतं लिहिलं होतं, ‘खिडकीचा रंग डोळ्याला टोचतो.’ आम्हाला त्याचं सुख वाटलं. नवी आवृत्ती रविवारी संध्याकाळी पाचला निघायची होती आणि सोमवारी ती पंचवीस शाळांत चढवली जाणार होती. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तिथले शिक्षक तिच्यावरच लिहिणार होते.

रविवारी सकाळी नऊला होटगीजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या आमची आवृत्ती आधीपासून चाचणीसाठी वापरत होत्या. ‘सर, रात्री लाईट गेली होती. सकाळी उघडलं तर प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पानच न्हाय. मी लिहिलं होतं, देवाशपथ.’

मी दौतच्या गटावर कळवलं. सुजातानं लगेच शोधायला घेतलं. आमच्यातले वडीलधारे, नागपूरचे वानखेडे सर म्हणाले, ‘दोष करून दाखवा, मी लगेच थांबवतो. पण नुसत्या शंकेवर थांबायचं तर आपण जन्मात काही बाहेर काढणार नाही.’ त्यांचंही खरं होतं.

मी लिहायला बसलो. पानभर लिहायचं, वायर उपसायची, पुन्हा चालू करायचं. पान जागेवर. पुन्हा लिहायचं. पान जागेवर. बारा वाजेपर्यंत मी अकरा वेळा वायर उपसली. सुजाताचा निरोप आला: ‘मलाही होत न्हाय दादा. पण बाई खोटं कशाला बोलतील?’ पंचवीस शाळा माझ्या डोळ्यांपुढे यायला लागल्या.

तेव्हा मला चिठ्ठ्या आठवल्या. मामांनी असं काही कधी लिहिलं होतं का, म्हणून मी त्या ठेवलेला बिस्किटाचा डबा काढला आणि शेवटून चाळायला घेतलं. दोनशे चौदा, खिडकीचा रंग. त्याच्याखाली दोनशे बारा.

मी सगळा डबा जमिनीवर ओतला. दोनशे तेरा नव्हती.

समोरचं दार उघडंच होतं. मामा चटईवर बसून टॉवेलची घडी घालत होते.

‘मामा, दोनशे तेरा कुठाय?’

‘काय दोनशे तेरा?’

‘चिठ्ठी.’

‘लिहिली न्हाय.’

‘मग दोनशे चौदा कशी लिहिली?’

‘मोजायला चुकलो.’

तीस वर्षांत मोजायला न चुकलेला माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. घडी तिसऱ्यांदा मोडून ते पुन्हा घालत होते.

‘एका बाईंचं पान गेलंय मामा. उद्या पंचवीस शाळांत हेच जाणार.’

‘जाऊ दे की. माल बरा हाय.’

मी ‘पण’ची वाट बघितली. तो आला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

‘तुम्हाला दिसलंय. दिसलंय आणि तुम्ही झाकायलाय.’

‘व्हय,’ मामा म्हणाले. ‘झाकायलोय.’

‘का पण?’

‘त्या पोरीचा इसावा डाग हाय त्यो.’ त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. ‘तुमच्यात इसावर काय करतात मला म्हाईत न्हाय. आमच्यात तीन चिठ्ठ्या झाल्या की माणसाला हापिसात बोलवायचे. चादरीवर नाव कारखान्याचं. कारागिराचं नाव कवा लागायचं, तर डाग घावल्यावर. मी चिठ्ठी टाचायचो, त्यावर नाव. दुसरं कुटं त्याचं नाव यायचंच न्हाय.’

मी त्यांना समजावलं. इथं कुणाला काढत नाहीत, नाव फक्त दुरुस्ती कुणाकडं जावी हे कळायला असतं. मामांनी ऐकून घेतलं.

‘आमचे मॅनेजर बी असंच सांगायचे,’ म्हणाले. ‘गोड माणूस.’

एक वाजला, दोन वाजले. मी विनवलं, रागावलो, परत माझ्या खोलीत जाऊन आणखी पाच वेळा वायर उपसली. सव्वातीनला मी बार्शीला फोन लावला आणि काही न सांगता मामांच्या कानाला धरला. आवाज मोठा केलेला होता.

‘हां दादा, घावलं का?’

मामांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मग घसा साफ केला. ‘मी सत्तय्या बोलायलोय.’

‘बोटवाले मामा? नमस्कार मामा. तुमचं बोट मी भिंतीवर काढून ठेवलंय.’

‘पोरी, तुझे एकोणीस डाग मी काढलेत.’

‘मला म्हाईत हाय की. एकोणीसच्या एकोणीस दुरुस्त केलेत. हात फिरवून बघितला का न्हाय?’

‘वरचे काय बोलले का तुला?’

‘कोण वरचे?’

‘काढून टाकतील म्हणून.’

‘कोण काढणार मामा? मला ठेवलंय कुणी? माझी मीच आलेय.’

फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता. तिच्या घरी कुणी तरी घासत असावं.

‘मग नाव कशाला लावतात?’

‘माझं काम हाय म्हणून. मामा, तुमच्याकडं काय हाय का? असलं तर द्या.’

‘लई वाईट हाय.’

‘वाईट हाय म्हणून आधी द्यायचं का मागं ठेवायचं? मी सकाळपासून जेवले न्हाय. तुमी मला झाकायला गेलाव आणि उद्या पंचवीस शाळांतल्या बायका मला शिव्या घालतील. तवा कुठं झाकाल?’

मामांनी फोन माझ्या हातात दिला. उठले, भिंतीवरचं कॅलेंडर उचललं आणि मागून चिठ्ठी काढली. फाडलेली नव्हती, चारदा घडी घातलेली होती.

‘दोनशे तेरा. दोन कागद उघडे पाहिजेत. पहिल्यावर लिहायचं, मग दुसऱ्यावर जायचं. लाईट जाते. आल्यावर विचारतं, जुनं उघडू का? हो म्हटलं की पहिल्याचं शेवटचं पान खातं.’

दोन कागद. मी सकाळपासून एकच उघडत होतो.

माझ्या खोलीत येऊन आम्ही तसं केलं. मी वायरकडे हात नेला तर मामा म्हणाले, ‘वायर नको. लाईट जाते तशी घालव,’ आणि जिन्यातलं मोठं बटणच पाडलं. खालच्या खोलीतली मंगलाक्का ओरडली, ‘कोण मेलंय बटणापाशी? माझी चटणी मिक्सरमध्ये आडकली की.’ चालू करून बघितलं. पान जागेवर.

चार वाजायला दहा मिनिटं होती.

‘घाई करायलास,’ मामा म्हणाले. ‘लिहून झालं की माणूस जरा दम खातो. तेवढा खाऊ दे.’ त्यांनी बोटांवर तीस मोजले आणि पुन्हा जिन्यात गेले. मंगलाक्का या वेळी जे म्हणाली ते लिहिण्याजोगं नाही. लाईट आली, प्रश्न आला, मी ‘हो’ म्हटलं.

पान गेलं होतं.

मला पदवी मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. मी सगळं पुन्हा करून त्याचं चित्रण गटावर टाकलं. पाच मिनिटांत वानखेडे सरांचं उत्तर आलं: ‘थांबवलं. किती वेळ लागेल?’ सुजातानं लिहिलं, ‘एक तास.’

एक तासाचे तीन झाले. त्या तीन तासांत मामा माझ्या खुर्चीवरून हलले नाहीत. चहा दिला तो तसाच गार झाला. दर पाच मिनिटांनी विचारत, ‘काय म्हणायलीय?’ एकदा तिचा निरोप आला, ‘जमत न्हाय’, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मांडीवर हात चोळत बसले. मंगलाक्का जाब विचारायला वर आली होती. मामांचं तोंड बघून तीही भिंतीला टेकून बसली.

सातला दुरुस्ती आली. पाच वेळा लाईट घालवून बघितली. शेवटच्या तीन वेळा बटण मंगलाक्कानं पाडलं. पाचही वेळा पान जागेवर राहिलं. मामा उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी आभाराचं पान उघडलं. ज्यांनी रचना केली ते, ज्यांनी भाषांतर केलं ते, ज्यांनी पैसे न घेता जागा दिली ते. गेल्या तीन आवृत्त्यांची पानं मी नमुन्यासाठी शेजारी ठेवली होती. सुजाता तिन्हींत होती. पाचच ओळी लिहिलेला एक मुलगाही तिन्हींत होता. सत्तय्या हे नाव कुठंच नव्हतं.

आमचा नियम आहे, विचारल्याशिवाय कुणाचं नाव छापायचं नाही. पान नंतरही बदलता येतं. म्हणून आवृत्ती तशीच गेली आणि सकाळी मी मामांना विचारलं.

‘माझं नको,’ मामा म्हणाले. मग स्वतःच बोलले. ‘मौला म्हणून होता. चार नंबरच्या मागावर. बारा वर्षं आमी एका डब्यात जेवलो. त्याच्या डोळ्याला कमी दिसायला लागलं, तवा डाग यायला लागले. दोन मी सोडले. तिसरा मोठा होता, मॅनेजर बाजूला उभा. हात थांबला माझा, तर म्हणाले, काय झालं सत्तय्या? मी चिठ्ठी टाचली. आठ दिवसांनी त्याला काढलं. भिवंडीला गेला म्हणतात. जाताना डबा धुऊन देऊन गेला.’

बुधवारी मामा दोन महिन्यांसाठी मुलीकडं निघाले, तेलंगणात, सिरिसिल्ल्याला. फोन ते वापरत नाहीत. मी त्यांना एसटीत बसवायला गेलो. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून म्हणाले, ‘ती पोरगी हाय ना अजून?’

‘आहे की मामा.’

‘आताच काय सांगतोस. आठ दिवसांनी बघ. लगेच काढत न्हाईत.’

आठ दिवसांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

सोलापूर, गुरुवार

ती. सत्तय्यामामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं तुमच्या जावयांनी घरमालकीणबाईंना कळवलं, ते समजलं. तुमच्या खोलीची किल्ली मंगलाक्काकडे आहे. ती रोज दार उघडून झाडून घेते.

एक गोष्ट तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो. आधीच्या तीन याद्यांत तुमचं नाव नव्हतं. तुम्ही नको म्हणालात म्हणून नव्हे. मी विचारलंच नव्हतं. जे रचतात ते काम करतात आणि जे डाग काढतात ते नुसतीच तक्रार करतात, असं माझ्या मनात कुठं तरी होतं. शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही. मला क्षमा करा.

सोबत आभाराच्या पानाची छापील प्रत पाठवतो. निवांत वाचा. यात ज्यांची नावं आहेत त्यांतल्या एकालाही चुकीसाठी घातलेलं नाही. तुमचं घालायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. हो असेल तर सोबतच्या कार्डावर हो लिहा, नाही असेल तर नाही लिहा. नाही लिहिलंत तरी मी पुन्हा विचारणार नाही.

पंचवीस शाळांत प्रश्नपत्रिका लिहून झाल्या. होटगीकडच्या बाईंनी शेवटचं पान पुन्हा लिहिलं. आधीच्यापेक्षा बरं झालं, असं त्या म्हणाल्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आठ दिवस थांबलो. आज सकाळी नोंदवही उघडून स्वतः बघितलं, आणि खात्री व्हावी म्हणून बार्शीला फोनही केला. सुजाता आहे. तिला कुणी काही बोललं नाही.

तुमचा,
दत्ता